पुढे गेलेली छत्री

काशीला मरायला येणाऱ्यांची नीट सोय लावणारी घराणी पिढ्यानपिढ्या आहेत. पण कुणी आजारीच पडू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस त्या अवघ्या नगरीत मला एकच भेटला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. हे काम आपण दयेपोटी करतो असं मामांनी कधी कबूल केलं नाही. गंगेपलीकडच्या एका छोट्या नगरपालिकेत ते नोकरीला होते (नाव सांगत नाही, मामा रागावतील) आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं काम त्यांच्याकडे होतं. सफाई कामगारापासून मुख्य लिपिकापर्यंत सगळ्यांचा मिळून एक विमा. त्यात कर्मचारी, त्याची बायकामुलं आणि आईवडील. यातला ‘आईवडील’ हा शब्द मामांनी भांडून घालून घेतलेला होता, आणि तो टिकवणं हेच त्यांच्या आयुष्याचं कार्य होऊन बसलं होतं. कारण विमा कंपनी दर वर्षी चैत्राच्या तोंडावर करार नवा करायची, आणि सरत्या वर्षात लोकांच्या आजारपणावर जितका जास्त खर्च झाला असेल तितका पुढचा हप्ता चढा लावायची. हप्ता फार चढला की नगरपालिकेच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणायचं, आईबाप काढून टाका, सगळं आवाक्यात येईल. म्हणजे एखाद्या धडधाकट शिपायाने उगाच महागड्या रुग्णालयात जाऊन चार दिवस विश्रांती घेतली, तर त्याची किंमत कुठल्यातरी म्हातारीच्या मोडक्या खुब्याने मोजायची. मामांना जगाचं सगळं अर्थशास्त्र एवढ्यातच दिसत असे.

मामांचं घर दुर्गाघाटावर, गाडी तर सोडाच पण दोन जाड माणसंही एकमेकांना ओलांडू शकणार नाहीत अशा गल्लीत. घराणं याज्ञिकांचं. वडील, आजोबा, पणजोबा सगळे लोकांची धर्मकार्यं करत आले. मामांनी मात्र मंत्र सगळे पाठ करून, त्यांवर आपला विश्वास नाही असं वडिलांना सांगून नगरपालिकेत नोकरी धरली. वडिलांनी यावर एवढंच विचारलं म्हणे, “आणि नगरपालिकेवर आहे?” अंगात साधा शर्ट, पायांत कातडी चपला आणि बाराही महिने हातात एक काळी छत्री. ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. ती कुत्री हाकलायला, वरच्या मजल्यावरची कडी वाजवायला आणि मुख्यतः माणसांच्या पोटाकडे निर्देश करायला होती. माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. इतर नातेवाइकांनी आहेर दिला, आशीर्वाद दिले. मामांनी माझा हात हातात घेतला तो नखं बघायला. मग बाजूला उभ्या असलेल्या भाचीला म्हणाले, “खून थोडं कम आहे. पण टिकेल.” पुढे बँकेने माझी बदली काशीला केली, बिऱ्हाडही त्याच गल्लीत मिळालं आणि मी टिकतो आहे की नाही हे त्यांना जवळून पाहता आलं.

नगरपालिकेतली बरीच मंडळी आमच्याच बाजूला राहणारी, आणि काशीचा माणूस सकाळी कचोरी-जिलेबी खाल्ल्याशिवाय कामाला लागत नाही. मामा सकाळी कचोरीच्या दुकानासमोर जाऊन उभे राहत. बोलायचं नाही, रागवायचं नाही, नमस्काराला उत्तर द्यायचं नाही. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवून नुसतं उभं राहायचं. त्यांना पाहून कर वसुलीचा एक बाबू हातातला द्रोण शेजारच्या अनोळखी यात्रेकरूच्या हाती देऊन “लीजिए, आप ही के लिए लिया था” असं म्हणाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. त्या भाबड्या यात्रेकरूने काशीच्या आतिथ्याबद्दल मग गावी जाऊन काय काय सांगितलं असेल कोण जाणे. दुकानदाराने एकदा मामांपुढे हात जोडले. “पंडीजी, हमारा भी पेट है,” तो म्हणाला. मामा म्हणाले, “आहे ना. आणि ते आमच्या विम्यात नाही. तू खा.” हे त्यांनी मराठीत सांगितलं. रागात आणि खुशीत ते मराठी बोलत, समोरच्याला कळो न कळो. माझ्याशी बोलताना मात्र त्यांच्या मराठीत हिंदी शब्द असे मोकळेपणी फिरत की कोणता कुठून आला हे विचारायची सोय नसे.

नगरपालिकेत एकदा आरोग्य सप्ताह साजरा झाला. मांडव, लाऊडस्पीकर, आणि निरोगी राहण्याचं महत्त्व पटवण्यासाठी डालड्यातली पुरी, बटाट्याची भाजी आणि बुंदीचे लाडू. अध्यक्ष महाशय झेंडूच्या इतक्या माळा घालून बसले होते की फक्त चष्म्यावरून ते ओळखू येत होते. तपासणीचा शुभारंभ अध्यक्षांच्याच रक्तदाबाने व्हावा अशी सूचना मामांनी अदबीने मांडली. आता नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला आणि अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं. ‘स्वस्थ कर्मचारी, स्वस्थ नगर’ या विषयावरचं त्या दिवशीचं भाषण अध्यक्षांनी मंचावरच्या सोफ्यावर आडवं पडून केलं. ते त्यांचं सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं भाषण होतं. मामा परतताना मला म्हणाले, “जावईबापू, बघा, झोपलेला माणूस खोटं कमी बोलतो.”

कोणी रुग्णालयात दाखल झालं की मामा भेटायला जात. हातात मोसंबी नसत, छत्री असे. रुग्णाची तबियत विचारून झाली की ते बिल मागत आणि पलंगाच्या कडेला बसून ते ओळीवर बोट ठेवत वाचत. रुग्णालयाच्या लोकांना हे वाचन फार जड जाई. एकदा मी बरोबर होतो. समोर टायवाला एक तरुण व्यवस्थापक. मामांनी विचारलं, “ये इतने दस्ताने? डॉक्टर साहब आदमी हैं या सहस्रार्जुन?” व्यवस्थापकाने इंग्रजीत काहीतरी नियमावलीचं सांगितलं. मामा शांतपणे म्हणाले, “बेटा, हमारा खानदान पूजा का सामान लिखवाता है. दो नारियल के चार कैसे होते हैं, ये हमको मत सिखाओ.” त्या बिलातले हातमोजे मग कमी झाले. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, तुमच्या घराण्याची विद्या शेवटी कामी आली. “वडील असते तर त्यांना हे पटलं असतं,” मामा म्हणाले. “यादीतले नारळ फुगवायला त्यांनी कधीच शिकवलं नाही, पण शेजारी कसे फुगवत ते दाखवून ठेवलं होतं.”

पण या सगळ्याहून मोठं त्यांचं शस्त्र होतं पंचांग. शहराच्या पश्चिम अंगाला एक काचेचं चकचकीत रुग्णालय होतं, तिथे साधं डोकं दुखलं तरी आधी डोक्याचे फोटो काढत. आणि उत्तरेला एक जुनं धर्मादाय रुग्णालय होतं, तिथे पंखे आवाज करत पण वयस्क डॉक्टरीणबाई गप्प बसून नाडी बघत. लोकांचा ओढा अर्थातच काचेकडे. आता नगरपालिकेतली माणसं ऑपरेशनसाठी दिवस विचारायला मामांकडेच येणार, कारण मामांनी सोडलं असलं तरी लोकांच्या लेखी ते दुर्गाघाटचे पंडितजीच होते. आणि दिशाशूल नावाची एक गोष्ट पंचांगात असतेच: अमुक वारी अमुक दिशेला जाऊ नये. शुक्रवारी आणि रविवारी पश्चिम बंद, हे तर शास्त्रच. उरलेल्या वारी भद्रा असे, पंचक असे, त्या माणसाचा घातवार असे. काहीच नसलं तर मामांचा चष्मा घरी राहिलेला असे. उत्तरेलाही मंगळवारी-बुधवारी शूल होता, पण त्यावर लगेच तोडगा निघे, गूळ खाऊन निघ, धणे चावून निघ. पश्चिमेच्या शूलावर मात्र तोडगा म्हणून नसे. मी एकदा त्यांना छेडलं, “मामा, तुमचा तर यावर काडीचा विश्वास नाही.” “नाहीच,” मामा म्हणाले. “पण लोकांचा माझ्यावर आहे. तो बेकार का घालवू?” एक नियम मात्र त्यांनी स्वतःला घालून घेतला होता आणि सगळ्यांना बजावलेला होता: छातीतली कळ, वाहतं रक्त आणि बाळंतपण यांना दिशा नसते. तेव्हा जे जवळ असेल तिथे धावायचं, पंडितजींना नंतर सांगायचं.

या पश्चिमेच्या भिंतीला पहिलं भोक पाडलं फुलमतीने. फुलमती सफाई कामगारांची मुकादम. उंच, हाडापेराने मजबूत, आणि नगरपालिकेत मामा जिला थोडे वचकून असत अशी एकुलती एक व्यक्ती. तिच्या आईचा खुबा मोडला. धर्मादाय रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं की हे काम पश्चिमेचंच, आणि तिथला चांगला सर्जन शुक्रवारी येतो. फुलमती कमरेवर हात ठेवून मामांपुढे उभी राहिली. “पंडीजी, एक बात बताइए. उत्तर के लिए गुड़ है, धनिया है. पच्छिम के लिए कुछ काहे नहीं है?” मामांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी घसा साफ केला आणि प्रस्थान सांगितलं. जुनी पद्धत आहे: ज्या दिवशी जायचं त्या दिवशी दिशा वाईट असेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू त्या दिशेला पुढे नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूसच निघाला. मग दुसऱ्या दिवशी आपण नुसतं आपल्या वस्तूमागे जायचं, त्याला दोष नाही. “आईची काठी आज गुरुवारीच तिकडे ठेवून ये,” मामा म्हणाले. फुलमती काठी ठेवून आली. शुक्रवारी आई गेली, आणि यथावकाश तीच काठी टेकत घरी आली. मामांनी त्या बिलातलेही हातमोजे कमी केले, पण नेहमीपेक्षा जरा हलक्या हाताने.

मामांच्या निवृत्तीचं वर्ष लागलं आणि नेमकं त्याच वर्षी सगळं अंगावर आलं. मोठी मोठी आजारपणं झाली, खर्च चढला. कंपनीने कळवलं की उरलेले दिवस बेताने गेले तर हप्ता कसाबसा सांभाळू, नाहीतर आईवडिलांचं अवघड आहे. आणि त्याच सुमाराला घाटाच्या पायऱ्या चढताना मामा मधेच थांबू लागले. थांबले की छत्रीने समोरच्या पडक्या भिंतीकडे खुणावत काहीतरी इतिहास सांगू लागत, म्हणजे ते दमले आहेत हे कुणाला कळू नये. तिसऱ्यांदा त्याच भिंतीचा इतिहास वेगळा निघाला तेव्हा मी त्यांना धरून धर्मादाय रुग्णालयात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती ऐकली. मग म्हणाल्या, हृदयाच्या नळ्या आवळल्या आहेत, ऑपरेशन लवकर करायला हवं, आणि ते इथे होणार नाही, पश्चिमेलाच होईल, शुक्रवारी तिथे सर्जन येतो तेव्हा. मामा त्यांना म्हणाले, “चैत्र लागू द्या.”

घरी मी वाद घातला. म्हटलं, तुम्ही विम्यात आहात, हा तुमचा हक्क आहे, तुमच्या एका खर्चाने काय होणार आहे? “प्रत्येक जण अगदी हेच म्हणतो, जावईबापू,” मामा म्हणाले. “शब्दही हेच. मी सगळ्यांना समजवत आलो, आता स्वतःच्या वेळी कोणत्या तोंडाने?” मामी चुलीपाशी भाजी परतत होत्या. त्या न वळता म्हणाल्या, “तोंड राहिलं तर पाहिजे ना. सगळ्यांचे आईबाप सांभाळा, आणि इथे माझ्या कपाळाचं काय ते कंपनीला विचारून घ्या.” मामांनी यावर कचोरीच्या दुकानात करत तेच केलं, नुसते गप्प उभे राहिले. पण मामींवर त्याचा परिणाम होत नसे.

त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी त्यांची छत्री हरवली. मामांनी घर डोक्यावर घेतलं. आधी मला विचारलं, मग मामींना, मग समोरच्या गच्चीवरच्या माकडांवर आळ घेतला. छत्रीवाचून त्यांना हातांचं काय करावं ते समजेना. शुक्रवारी सकाळी बँकेत जाण्याआधी मी डोकावलो, तर मामा ओट्यावर बसलेले, घामाने चिंब, चेहरा राखेसारखा. मी म्हटलं, मामा, निघू या. ते म्हणाले, “गॅस आहे.” मग थोड्या वेळाने, “आज शुक्रवार आहे. पश्चिम वर्ज्य.”

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. मामी म्हणाल्या, “जन्मात कधी संध्या केली नाहीत, आणि आज दिशा आठवली होय?” मामा डोळे मिटून म्हणाले, “शास्त्र आहे.” “आणि छातीला दिशा नसते, हे कोण म्हणायचं?” मी विचारलं. “ही छाती नाही. पित्त आहे.”

तेवढ्यात दारात फुलमती उभी. मागे दोन तगडे कामगार आणि त्यांच्या हातात एक लाकडी खुर्ची, कारण आमच्या गल्लीत रुग्ण न्यायचा तर तसाच न्यावा लागतो. तिला मामींनी बोलावलेलं होतं, आणि दोघींचं हे आधीपासून ठरलेलं होतं हे पुढच्याच वाक्यात उघड झालं.

“पंडीजी,” फुलमती म्हणाली, “आपका छाता कहाँ है?”

मामांनी डोळे उघडले.

“कल बिफे था. पच्छिम खुला था.” बिफे म्हणजे तिकडचा गुरुवार. “छाता कल ही अस्पताल पहुँच गया, गेट पर दरबान के पास है. आप तो निकल चुके, पंडीजी. अब खाली बैठना बाकी है.”

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी पदराने भाजीचा हात पुसत राहिल्या. आयुष्यभर ज्या शास्त्राला मानलं नाही त्याने असं कोंडीत पकडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी मामा बारीक आवाजात म्हणाले, “पावती घेतलीस का त्याच्याकडून?” आणि खुर्चीत बसले.

गल्लीतून खुर्ची निघाली. पुढे फुलमती रस्ता मोकळा करत होती, मागे मी आणि मामी. कचोरीच्या दुकानाशी नेहमीची मंडळी होती. खुर्ची दिसताच सगळे द्रोण हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्याही अवस्थेत मामांची नजर वसुलीच्या बाबूच्या हातावर गेली. त्या बिचाऱ्याने द्रोण खाली ठेवला आणि खुर्चीचा एक पाय खांद्यावर घेतला.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर मामांनी आधी छत्री मागितली, मग बिल. “इतने दस्ताने,” ते एवढंच पुटपुटले. सर्जन जाणकार होता. तो हसला आणि त्याने हातमोज्यांची ओळ खोडायला सांगितली. चैत्रात हप्ता वाढला तो वाढलाच. बैठकीत तो नेहमीचा आवाज उठला, आईबाप काढा. तेव्हा फुलमतीने कामगारांच्या वतीने निरोप धाडला की वाढलेला भार आम्ही पगारातून वाटून घेतो, पण आईबाप राहू द्या. त्यात ज्यांचे आईबाप केव्हाच गेले होते तेही सामील झाले, वसुलीचा बाबूसुद्धा. मी हे मामांना पलंगाशी बसून सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “मूर्ख आहेत. कमी खाल्लं असतं तर हे करावं लागलं नसतं.”

मामा आता निवृत्त आहेत. पायऱ्या चढायची-उतरायची मनाई असल्यामुळे दुर्गाघाटच्या माणसाला घर म्हणजे किल्लाच होतो. ते पूर्वेच्या खिडकीत बसतात, समोर गंगा आणि पलीकडचा काठ. परवा मामी मला म्हणाल्या, “अहो, ती छत्री पुन्हा दिसत नाही. फुलमती येऊन गेली, तिच्याकडे तर नाही? उन्हाळा आहे, आणा.” बँकेला सुटी होती, मी पलीकडे गेलो.

नगरपालिकेत मामांच्या खुर्चीवर आता एक हुशार तरुण बसतो. विम्याचं सगळं कार्डावर आणि संगणकावर चालतं. परवानगी कुठल्यातरी दुसऱ्या शहरातून फोनवर मिळते. अंगणात एक कामगार मला सांगत होता, “अब लड़की फोन पर पूछती है, बीमारी क्या है. ये नहीं पूछती कि खाया क्या था.” त्या तरुणाच्या मागे, दाराआडच्या खिळ्याला छत्री टांगलेली होती, धूळ पुसून स्वच्छ. “अंकल का छाता है,” तो म्हणाला, “कोई हटाने नहीं देता.” मी हात पुढे केला, तेवढ्यात मागून फुलमती म्हणाली, “रहने दीजिए, दामाद बाबू. खुद भेजवाए हैं. बोले, पहले ये जाए, पीछे हम आएँगे.”

प्रस्थान ठेवल्यावर माणसाने फार रेंगाळायचं नसतं, नाहीतर ते फुकट जातं, एवढं मलाही ठाऊक आहे. छत्रीला तिथे येऊन किती दिवस झाले ते मी विचारलं नाही.

मी रिकाम्या हातांनी परत आलो. मामांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग नदीकडे. मामी स्वयंपाकघरात होत्या. थोड्या वेळाने मामा खिडकीतूनच म्हणाले, “एवढ्या उन्हात उघड्या डोक्याने फिरता, जावईबापू. लू लागेल. मग अस्पताल, मग बिल.”

मी त्यांच्या विम्यात कधीच नव्हतो. पण याची त्यांना आठवण करून द्यावी असं मला वाटलं नाही.